वार लागायच्या आधी

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला कुलूप असतं हे मला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. शेवटपर्यंत सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

माझं काम आधी सांगते, नाहीतर माझं रडगाणं कळायचं नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत वितळलेलं लोखंड साच्यात ओततात. गार होताना आत पोकळी राहिली की अख्खा नग भंगारात. म्हणून ओतायच्या आधी कॉम्प्युटरवर हिशेब लावून बघायचं, लोखंड कुठं आधी गोठतंय, कुठं मागं राहतंय, आणि साचा सुधारायचा. हे मी मच्छे गावात, आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून करते. म्हणजे करत होते.

एका फाउंड्रीनं मला पंपाच्या कवचाचा साचा दिला होता. बुधवारी सकाळी नऊला रिपोर्ट पोचला आणि साचा पास झाला तर त्यांचं वर्षभराचं काम माझं. नाही झालं तर ते काम पुण्याला जाणार, आणि पाठोपाठ मीपण, कारण इथं दुसरं काही धड मिळत नव्हतं आणि पुण्यातली एक नोकरी माझ्यासाठी अजून राखून ठेवलेली होती. मला जायचं नव्हतं. बाबा गेल्यापासून घरात आई आणि मी, दोघीच. एवढी साधी गोष्ट होती.

शनिवारी सकाळी आठला हिशेब लावला. स्क्रीनवर आलं, ऐंशी तास. बोटांवर मोजलं, मंगळवारी दुपारी चारला संपेल. बुधवारच्या आत आरामात. पण मंगळवारी वार होता.

देवीसाठी आमच्या गावात पाच आठवडे मंगळवार-शुक्रवार वार पाळतात. त्या दिवशी नांगर जुंपत नाहीत, गिरणी फिरत नाही, कुणी तण भांगलायलासुद्धा शेतात जात नाही. गेल्या वर्षी अशाच एका मंगळवारी सकाळी मी कॉम्प्युटर सुरू करून बसले तर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, बाई, चुकलं, पुन्हा करणार नाही. शब्द दिला होता. तेव्हा वार लागायच्या आधी, सोमवारी दिवेलागणीच्या आत हिशेब संपायलाच हवा, असं मी धरलं. आईला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, मला माहीत होतंच की.

समर्थ माझा कॉलेजचा सोबती, टिळकवाडीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला फोन केला. दुकान बंद करून संध्याकाळी आला, खिशात पेन ड्राइव्ह.

"वेग कसा ठरतोय बघ," तो म्हणाला. "दोन आकड्यांचा गुणाकार. एका आकड्याला कंपनीनं कुलूप घातलंय. दुसरा वाढवायची वाट पण बंद केलीय, खरं जुनं बायोस, म्हणजे मशीन उठवणारा आतला प्रोग्राम, घातलं की ती उघडतीय. शंभराचं दीडशे करूया. दीडपट वेग."

"कधी केलायस रं हे?"

"व्हिडिओ लई बघितलेत."

"म्हणजे कधीच न्हाय."

"पहिल्यांदा कुणीतरी करतंयच की गं."

हिशेब मध्येच साठवून ठेवला. पंधरा टक्के झाला होता. बायोस बदललं, आकडा चढवला, कॉम्प्युटर दोनदा काळा पडला, तिसऱ्यांदा उठला. वेगाचा आकडा दोन पूर्णांक सातवरून चारवर. मला खरंच रडू आलं, आनंदानं. कुलूप मोडून आत शिरल्याची एक वेगळीच मजा असते, चोरांना काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. प्रोसेसर किती तापलाय ते मात्र आता दिसत नव्हतं. "ते असंच होतंय," समर्थ म्हणाला. आईनं आम्हा दोघांना गोड म्हणून कुंदा दिला. कशाबद्दल ते तिनं विचारलं नाही.

रविवारी सकाळी आठला बघते तर बावीस टक्के. असायला हवे होते सदतीस. मी डोळे चोळले, चष्मा पुसला. बावीसच.

तेव्हाच गप गुमान सगळं होतं तसं करायला हवं होतं. पण मी आमच्या बाबांची लेक. त्यांचा पंप पाणी कमी ओढायला लागला की ते लाथ घालायचे. समर्थला फोन केला. तो म्हणाला, दीडशेचं एकशे साठ कर. केलं. अर्ध्या तासात स्क्रीन निळा झाला. पुन्हा चालू केला तर साठवून ठेवलेला हिशेब उघडेना. सगळं शून्यावर.

दुपारी समर्थ आला तो पडेल चेहऱ्यानं. वाटेत त्यानं कुठंतरी वाचलं होतं. मोठमोठ्या बेरजा एका दमात करणारा जो भाग प्रोसेसरमध्ये असतो, तो या कुलूपतोडीत पार मंदावतो. गेम खेळणाऱ्यांना ते कळतपण नाही, आणि व्हिडिओ सगळे त्यांचेच. माझं काम म्हणजे नुसत्या मोठमोठ्या बेरजा.

"मारून टाक मला," तो म्हणाला.

"तुला मारून काय हुतंय?"

जुनं सगळं परत बसवलं. एक वाजता हिशेब पहिल्यापासून लावला. ऐंशी तास. बुधवारी रात्री नऊ. फाउंड्रीच्या आनंदरावांना फोन करून एक दिवस मागितला. माणूस चांगला, पण म्हणाले, "मॅडम, मालक बुधवारी दुपारी ठरवणार. माझ्या हातात काय न्हाय."

तरी हिशेब चालू ठेवला. का, ते विचारू नका. आणि सोमवारी दिवेलागणीला तो बंद करायला म्हणून सोप्यात गेले. मागून आई आली, हातात समई.

"का बंद करतीस गं ते?"

"उद्या वार न्हाय का?"

"आणि?"

"आणि काय? मशीन बंद ठेवायचं."

"कुणी सांगितलं तुला?" आईनं समई खाली ठेवली. "वाराला नवीन काय धरायचं न्हाय. आधीपासनं चालू असलेल्याला हात लावायचा न्हाय, एवढंच. गेल्या वर्षी तू वाराला चालू केलतीस म्हणून मी बोलले न्हाय. चुलीतला इस्तू कोण विझवतंय काय वाराला?"

मी खुर्चीवर बसले. शनिवारी काहीच केलं नसतं, नुसती हातावर हात ठेवून बसले असते, तर उद्या चारला हिशेब संपला असता. आईला सांगितलं नाही. तिची काय चूक होती?

बुधवारी दुपारी आनंदरावांचा फोन आला. काम पुण्याला दिलं. मी पुण्याच्या नोकरीला हो कळवलं.

रात्री नऊला हिशेब संपला. बघायची इच्छा नव्हती, तरी बघितलं. कवच कडेकडेनं गोठत आलं, जाड भाग शेवटी, जसं हवं होतं तसंच. आत कुठं पोकळी नाही. साचा पहिल्यापासूनच बरोबर होता.

"काय आलं?" आईनं विचारलं.

"बरोबर आलं."

"मग बरं झालं की."

तेव्हा मी तिला पुण्याचं सांगितलं. परवा निघते, म्हटलं, त्यांना शनिवारीच हजर हवी आहे.

"परवा शुक्रवार," आई म्हणाली. "वार हाय. नवीन काय धरायचं न्हाय. शनिवारी जा."

मी त्यांना कळवलं, एक दिवस उशीर होईल. ते चालेल म्हणाले.