गरम असतानाच

माझ्या जाऊबाईंच्या हाताला गुण आहे आणि माझ्या हाताला नाही, हे आमच्या लॉन्ड्रीत महिनाभर रोज सिद्ध होत होतं. सकाळची पाळी त्यांची. त्यांनी ड्रायरमध्ये टाकलेले टॉवेल कडकडीत वाळून बाहेर यायचे. दुपारची पाळी माझी. तेच यंत्र, तेच पोहण्याच्या तलावाचे टॉवेल, तेच बटण, आणि माझे मात्र ओलसर. ड्रायर मध्येच हीटर बंद करून नुसता गरगरत बसायचा.

"किती कोंबतेस गं? जाळी तरी साफ केलीस का?" जाऊबाई विचारायच्या.

जाळी मी इतकी साफ करत होते की तिच्यातून पलीकडचा रस्ता दिसला असता. पण सांगणार कोणाला? आम्हा दोघींचे नवरे दिवसभर कपडे पोचवायला बाहेर, आणि बायकांच्या भांडणात तोंड उघडल्याचा दोघांवरही आरोप नाही.

मग तलावाच्या मॅनेजरने ओल्या टॉवेलांचं गाठोडं परत आणून दिलं. जाऊबाई त्याच्या देखत म्हणाल्या, "धाकटीच्या पाळीतलं असणार." माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्याच संध्याकाळी मी समोरच्या हॉटेलात धुलाईचं काम आहे का, विचारून आले. होतं. शनिवारी कळवा, म्हणाले. एका इस्त्रीवर आम्ही दोघींनी उभी केलेली लॉन्ड्री सोडायची, या विचारानेच जीव कासावीस होत होता. पण रोज मान खाली घालून काम करणं माझ्याच्याने होईना.

मेकॅनिक दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा त्याने मागचं झाकण उघडून, बोटाच्या पेराएवढा तापमानाचा सेन्सर मीटरला लावून पाहिला. "सेन्सर ठणठणीत आहे, वहिनी," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. सेन्सर ठणठणीत म्हटल्यावर दोष कोणाचा उरतो, ते वेगळं सांगायला नको.

शुक्रवारी दुपारी तो तिसऱ्यांदा येणार होता. तो यायच्या बऱ्याच आधी जाऊबाई आल्या, चालू ड्रायर बंद केला, दार सताड उघडलं, त्याच्यावर पंखा सोडला आणि ओलं फडकं घेऊन पुसायला लागल्या.

"अहो ताई, माझे टॉवेल आहेत आत!"

"असू देत. माणूस यायचाय. असल्या फणफणलेल्या, कळकट यंत्राला हात लावायला सांगायचं त्याला? काही रीतभात आहे की नाही?"

आमच्या घरचं हे वळणच आहे. प्लंबर येणार तर आधी मोरी घासायची. भांडी घासायला बाई येणार तर आधी भांडी विसळून ठेवायची. मी कपाळाला हात मारला, आणि तो हात तिथेच राहिला.

"ताई, मागच्या दोन्ही वेळी असाच थंड करून ठेवला होतात?"

"मग! मी बरी विसरेन."

"म्हणजे आपण ताप उतरवून मग डॉक्टरला बोलावतोय! सकाळी यंत्र थंड असतं, तुमचे टॉवेल वाळतात. खेपांवर खेपा होऊन ते पुरतं तापलं की बिघडतं, आणि तेव्हा पाळी माझी असते!"

जाऊबाईंचं फडकं थांबलं. मी पंखा बंद केला, दार लावलं आणि ड्रायर पुन्हा सुरू केला. मेकॅनिक आला तेव्हा यंत्र चांगलं धगधगत होतं, दाराच्या कडांना कापसाचा भुगा चिकटलेला. जाऊबाईंना यंत्राचा तो अवतार बघवेना.

मी सगळं सांगितल्यावर मेकॅनिकने गरम सेन्सर काढला आणि थेट कढत पाण्याच्या वाटीत बुडवला. शेजारी थर्मामीटर धरला. मग मीटरवरचा आकडा पाहून हसायलाच लागला.

"पाणी साठ अंशावर आहे, आणि हा म्हणतोय उकळतंय! थंड असला की शहाणा, तापला की थापाड्या. याचं ऐकून यंत्राला वाटतं कपडे जळणार, की लगेच हीटर बंद."

त्याने सेन्सर नळाखाली धरला. गार झाल्यावर पठ्ठ्या पुन्हा खरं बोलायला लागला.

नवा सेन्सर बसवून मेकॅनिक गेला. तेच टॉवेल आम्ही परत आत टाकले आणि दोघी समोर उभ्या राहिलो. घंटी वाजली तशी जाऊबाईंनी एक टॉवेल काढून गालाला लावला. कडकडीत होता. दुपारच्या पाळीतला, माझा.

"मी रोज सकाळी तुला विचारायचे, काही झालंय का," त्या टॉवेलाकडे बघत म्हणाल्या. "तू म्हणायचीस, काही नाही."

"सकाळी नसायचंच काही. दुपारी असायचं."

"मग आत्ता दुपारच आहे. बोल."

"मॅनेजरच्या देखत बोललात ते फार लागलं मला. उद्या मी हॉटेलला हो म्हणणार होते."

"होते?"

"होते."

त्यांनी नाक ओढलं. तलावाला फोन लावला आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ओल्या टॉवेलांचा दोष आमच्या यंत्राचा होता. आणि तो आमच्या धाकटीने शोधला. नाही, नाही, मला नाही सापडला. मीच लपवत होते."

फोन ठेवून त्या गुपचूप घड्या घालू लागल्या. माझा राग केव्हाच निवला होता, पण इतक्या स्वस्तात सोडायचं माझ्या स्वभावात नाही.

"कोपरे जुळले नाहीत, ताई," मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच जाऊबाईंनी माझं ऐकून टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी घातली.