टम्म खिडकी

टक्. टक्. टक्.

धाकट्याचा नुकताच डोळा लागला होता. त्याला थोपटून थोपटून तिच्या हाताला रग लागली होती, आणि आता कुठे घर असं शांत झालं होतं की नळालाही थेंब टाकायची चोरी वाटावी. तेवढ्यात मधल्या खोलीतून हा आवाज.

"भिंगरे, पाय नको वाजवूस! बाळ उठलं ना, तर तुझ्याच मांडीवर देईन," ती दबक्या आवाजात म्हणाली, आणि तशीच थबकली.

आवाज ओळखीचा होता. खेळाच्या बुटांच्या तळात हवेची पिशवी बसवायची, हे तिचं पोटापाण्याचं काम. पिशवी दबली की पाऊल 'थप्' पडतं, उशीवर डोकं टेकल्यासारखं. 'टक्' वाजलं म्हणजे पिशवी दबलीच नाही, पोर लाकडाच्या ठोकळ्यावर चालतंय. आणि भिंगरीच्या पायात तिनेच आखलेले बूट होते. काल कंपनीत बक्षीस मिळालेले, टाचेत पारदर्शक खिडकी असलेले.

मोठ्यांचे बूट झकास जमले होते. घोडं अडलं ते मुलांच्या मापापाशी. एवढ्याशा वजनाने पिशवी दबायची, तर तिच्यात हवा कमी हवी. तिने कमी भरली. पण मग खिडकीतून दिसणारी पिशवी सैल पडली, दात गेलेल्या म्हाताऱ्याच्या गालासारखी आत गेली.

विक्रीचे साहेब, ज्यांना सगळी कंपनी पाठीमागे फुगेवाला म्हणायची, त्यांनी ती बघून नाक मुरडलं. त्यांच्या गालात कायम एक पेपरमिंटची गोळी असायची. बोलताना ती दातांवर आपटायची आणि ओठांच्या कोपऱ्यात पांढरी चिकट लाळ जमायची.

"मॅडम, बूट विकत घेतं कोण? बाप. बापाला दिसतं काय? खिडकी. असला सुरकुतलेला माल बघून खिशात हात घालेल तो? टम्म पाहिजे, टम्म!" आणि पुळी दाबावी तसा त्यांनी खिडकीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तर खाली ओला, तेलकट ठसा. तिने तो पदराने पुसून काढला.

"टम्म भरली तर मुलांना दगड लागेल, साहेब."

"मग मुलांनाच विचारू की! मुलं कधी खोटं बोलत नाहीत."

म्हणून काल कंपनीतल्याच लोकांची तीन मुलं आणून त्यांच्या पायात टम्म भरलेले बूट चढवले होते. कॅमेरा लागला. एका हातात चॉकलेटचा डबा धरून फुगेवाला मुलांपुढे उकिडवा बसला आणि लाडात आला. "मऊ मऊ आहे ना रे राजा?" पहिल्याने डब्याकडे बघून मान डोलावली. दुसऱ्याने पहिल्याकडे बघून. भिंगरीने आईकडे पाहिलं, मग म्हणाली, "मऊ मऊ." टाळ्या पडल्या. आपलंच गणित चुकलं असेल, असं तिलाही वाटून गेलं. उद्या साचा कापायला घ्यायचा होता, फक्त तिचा होकार राहिला होता.

"देऊन टाक की," सकाळी नवरा म्हणाला होता. "तीन पोरं मऊ म्हणतायत आणि तू एकटीच काय शहाणी?"

तिने भिंगरीला उचलून ओट्यावर बसवलं. बूट काढले, मोजे काढले. टाचा गाजरासारख्या लाल. एके काळी ही टाच तिच्या तोंडात मावायची. अंघोळ झाली की ती तिचा मुका घ्यायची आणि पोरगी खिदळायची. तिने ओला रुमाल टाचेवर धरला.

"दुखतंय?"

"इत्तूसं."

"मग काल मऊ का म्हणालीस, बाळा?"

"तूच मान हलवलीस ना. काकांनी विचारलं तेव्हा तू अशी अशी केलीस. मला वाटलं, तेच बरोबर उत्तर असेल."

हलवली असेल. धाकट्याच्या दुधाची वेळ टळून चालली होती, कधी एकदा हे संपतंय असं झालं होतं. तिने बूट उचलून खिडकीवर आपला अंगठा दाबला. छान दबली. दबणारच. बापाच्या अंगठ्याला लोणी, लेकराच्या टाचेला दगड. फुगेवाल्याची शिसारी येणं तिच्या सवयीचं होतं. ही शिसारी मात्र स्वतःचीच होती, घासूनही न निघणारी.

एक हात टाचेवर, म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला.

"साहेब, साचा कापू नका. मुलांच्या पिशवीला माझा होकार नाही."

पलीकडे गोळी दातांवर वाजली. "सुट्टीच्या दिवशी काय हे, मॅडम! बाळंतपणानंतर बायका जरा हळव्या होतात, कळतं मला. उद्या बोलू."

"हळवी टाच झालीय, माझ्या मुलीची. लाल झालीय."

"अहो, पण तीच तर म्हणाली! आणि काय गोड म्हणाली! जाहिरातीत तिलाच घेतलंय आपण. दुकानादुकानांत तिचं 'मऊ मऊ' वाजणार."

ती चिकट लाळ थेट कानात ओघळल्यासारखं तिला वाटलं.

"ते काढा."

"काढून सांगू काय लोकांना? पोरगी खोटं बोलली?"

"आई चुकली म्हणून सांगा. साचा कापायचा नाही, आणि माझ्या पोरीचा आवाज कुठल्याही दुकानात वाजायचा नाही."

"विचार करा, मॅडम. तुमच्या खुर्चीवर बसायला माणसं कमी नाहीत."

"खुर्ची पुसून घ्या म्हणावं आधी," ती म्हणाली आणि फोन बंद केला. मग पदराने तो फोन पुसला. पुन्हा पुसला. उद्या नोकरी राहील की जाईल, तिला ठाऊक नव्हतं.

ओट्यावरून पाय लोंबकळत ठेवून भिंगरी तिच्याकडे टक लावून बघत होती. पोरीने दोन्ही बूट, मेलेला उंदीर धरावा तसे, नाडीला धरून अंगापासून लांब धरले होते. खालचा ओठ बाहेर आला होता.

"आई," ती हळूच म्हणाली, बाळ उठू नये म्हणून, "मग मी खोटं बोलले का गं?"