पाचवीच्या वहीतला चंद्र

पंधरा दिवसांचा चंद्र आमच्या गावातल्या आयांनी एका संध्याकाळी उरकून टाकला. तोही मान वर करून आकाशाकडे एकदा न बघता. हे आठवलं की अजून माझं डोकं तापतं, आणि ते तापू नये असं मला वाटतही नाही.

वडनेरहून आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथे चौकात माझ्या नवऱ्याचं, घनश्यामचं, किराणा दुकान आहे. आमची स्वीटी पाचवीत आहे. तिच्या वर्गाच्या पालकांचा मोबाइलवर ग्रुप आहे. नाव पालकांचं, पण बाप एकही बोलत नाही, सगळा कारभार आयांचा. रोज संध्याकाळी स्वप्निलची आई रक्षा त्याच्या गृहपाठाचा फोटो तिथे टाकते. त्याचा म्हणायचा एवढंच. गाइड उघडून बसते रक्षा, सांगते रक्षा, पोरगा नुसता पेन चालवतो. मग घराघरांतली पोरं मोबाइल भिंतीला टेकवून तो फोटो उतरवून काढतात. गृहपाठ खलास, टीव्ही सुरू. आया एकमेकींना हात जोडलेली चित्रं पाठवतात. "थँक्यू रक्षाताई, तुमच्यामुळं टेन्शन नाई." एकदा रक्षानं घाईत मधली ओळ गाळली, तर अख्ख्या वर्गाच्या वह्यांतून ती ओळ गायब झाली. मॅडमनी सगळ्यांना "छान" दिलं.

माझ्या घरी हे चालत नाही. स्वीटी शाळेतून आली की हातपाय धुते, काहीतरी खाते, आणि दुकानात तांदळाच्या पोत्यांशेजारी तिची चटई आहे तिथे बसते. रोज तीच जागा, तीच वेळ. मोबाइल गल्ल्यापाशी, तिच्यापासून लांब. चुकलं तर चुकू दे, पण स्वतःचं लिही, एवढंच माझं म्हणणं. "आधी पाह्य, मंग लिही," हे मी तिला इतक्यांदा सांगितलंय की गिऱ्हाइकंसुद्धा ते म्हणून दाखवतात. घनश्याम म्हणतो, तू जरा जास्तच करतं. करते. पोरगी अडली की खोडते, विचारते, पुन्हा लिहिते. कोणी न हाकलता बसते. ही सवय लावायला मी कितीदा घसा फोडलाय ते माझं मला माहीत.

तर झालं असं की कोजागिरी झाली. चौकात गणपतीच्या देवळासमोर दूध आटवलं, चंद्राला दाखवलं, पोरं वाट्या घेऊन नाचली. दुसऱ्या दिवशी वर्गात झाडे मॅडमनी गृहपाठ दिला: आजपासून पंधरा दिवस रोज चंद्र पाहा, आणि जसा दिसेल तसा वहीत काढा. मला ऐकून इतका आनंद झाला! एकदाचा असा गृहपाठ आला जो गाइडमधून उतरवता येणार नाही.

मी मूर्ख. संध्याकाळ व्हायच्या आत ग्रुपवर फोटो आला. पंधरा गोल, कंपासपेटीतल्या रुपयानं आखलेले, सुबक. पहिला गोल पूर्ण काळा, अमावस्येचा. मग नखाएवढी कोर, मग जरा मोठी, असं करत शेवटी पौर्णिमा. गाइडमध्ये तसंच छापलेलं होतं. आदल्या रात्री ज्या बायांनी पूर्ण चंद्र पाहून दूध प्यायलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी पोरांच्या वहीत अमावस्या काढायला लावली! आणि खाली हात जोडलेली चित्रं.

स्वीटीला मी तो फोटो दाखवलाच नाही. ती पहिल्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसली आणि समोरच्या निंबामागून चंद्र वर येताना पाहून तिनं जवळजवळ पूर्ण गोल काढला. खाली लिहिलं, "जेवायच्या आधी, निंबामागे." दुसऱ्या दिवशी एका कडेला जरासा झिजलेला, "जेवताना." तिसऱ्या दिवशी आणखी थोडा, "जेवण झाल्यावर." आणि मला म्हणाली, "आई, हा रोज उशिरा काऊन येते?"

मी म्हणाले, "मले नाई माहीत. उद्या मॅडमले विचारजो."

आई म्हणून त्या प्रश्नाचा मला किती अभिमान वाटला, काय सांगू. तिला कोणी विचारायला लावलं नव्हतं. तिनं पाहिलं म्हणून तिला पडला.

दुसरा दिवस संकष्टीचा. दुपारी स्वीटी घरी आली ती वही छातीशी धरून. तिच्या तिन्ही चंद्रांवर लाल फुल्या होत्या. खाली मॅडमच्या अक्षरात: "अपूर्ण व चूक. उद्या पूर्ण करून आणणे. सर्वांचे पाहावे."

सर्वांचे पाहावे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उपाशी होते, पण चप्पल घातली आणि तशीच शाळेत गेले.

झाडे मॅडम वर्गात वह्यांचे फोटो काढत होत्या. बाई वाईट नाही. हिंगणघाटहून बदलून आल्या, आता गावातच खोली घेऊन राहतात. पण तेव्हा मला काहीच दिसत नव्हतं.

"मॅडम, स्वीटीचं काय चुकलं?"

"गाइडमध्ये अमावस्येपासून दिलंय, कांताताई. सगळ्यांनी तसंच काढलंय."

"कोजागिरी होऊन चार दिवस नाई झाले. अमावस्या कुठून आणली?"

"ते मी काय बघत बसू? वर ऑफिसात फोटो पाठवायचेत, उद्या शेवटची तारीख. सगळ्यांच्या वह्या पूर्ण आहेत, हिची एकटीची अर्धी."

"अर्धी हाय कारण पंधरा दिवस झालेच नाईत! बाकीच्याइनं पुढच्या आठवड्याचा चंद्र आजच काढला, ते नाई दिसत तुम्हाले? तिनं रोज पाह्यला."

"त्यात पाहायचं काय?" मॅडम कपाळ दाबत म्हणाल्या. "चंद्र सगळ्यांनी पाहिलेलाच असतो. जा ताई, आज माझाही उपास आहे, डोकं दुखतंय."

मी दोन शब्द आणखी बोलले. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. फुल्या तशाच राहिल्या, आणि मी दाणदाण पाय आपटत घरी आले.

खरा राग अजून पुढेच होता. संध्याकाळी स्वीटी चटईवर बसली नाही. सरळ गल्ल्यापाशी गेली. "बाबा, मोबाइल द्या."

"काऊन?" मी विचारलं.

"रक्षाकाकूचा फोटो पाह्यचा हाय. सगळ्याइचं बरोबर हाय, माझंच चूक हाय."

"तुनं सोता पाह्यलं ना, स्वीटी?"

"पाह्यलं," ती म्हणाली. "पण चूक पाह्यलं."

घनश्यामनं मोबाइल तिच्या हातात ठेवला. "पाहू दे वो कांता. मार्क कटतीन पोरीचे. चंद्र काय आपल्याले दुकानात इकायचा हाय?"

मी तो मोबाइल हिसकावून घेणार होते. हात पुढे केलाही होता. पण मग काय झालं असतं? मॅडमच्या फुलीला भिऊन तिनं खोडलं, आईच्या ओरडण्याला भिऊन परत काढलं असतं. स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास बसला असता का? म्हणून मी दात आवळून उभी राहिले, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या पोरीनं निंबामागचा चंद्र रबरानं घासून घासून काढून टाकला. कागद पातळ झाला. मग तिनं तिथे काळा गोल भरला, पुढे नखाएवढी कोर, पुढे जरा मोठी. "जेवताना" खोडलं. "जेवण झाल्यावर" खोडलं. किती दिवसांची सवय, आणि खोडायला तिला फारसा वेळ लागला नाही. मी रडले असते, पण रागानं रडूही येईना.

"वही घे," मी म्हणाले. "देवळात जाऊ."

संकष्टीला आमच्या चौकात गणपतीपुढे आरती होते आणि मग चंद्राची वाट पाहणं सुरू होतं. चंद्र दिसल्याशिवाय कोणी उपास सोडत नाही. त्या दिवशी सगळ्या जमल्या होत्या. रक्षा ताट घेऊन होती, स्वप्निल मोदकाकडे बघत होता, झाडे मॅडम हातात पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर बसल्या होत्या. पालकांचा ग्रुप म्हणा ना, सगळाच तिथे होता. वच्छलाबाई, वयानं सगळ्यांत मोठ्या, दर मिनिटाला विचारत, "निघाला काय वो?" कॅलेंडरातली वेळ होऊन गेली होती, पण निंब दाट. जिला तिला भूक, जी ती मान उंचावून आकाश न्याहाळत होती. एरवी पोरांना कधी वर बघा म्हणाल्या नसतील, पण पोटात कावळे ओरडले की कशा निरखून बघतात!

आणि निघाला. निंबाच्या शेंड्यावरून वर आला. चांगला मोठा, पिवळसर, एका बाजूनं जरासाच चेपलेला.

"निघाला वो माय!" वच्छलाबाईंनी हात जोडले. ताटं पुढे झाली.

"थांबा," मी म्हणाले. "कोणी उपास सोडायचा नाई. हा चंद्र नाई."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी स्वीटीच्या हातातली वही घेतली आणि देवळाच्या दिव्याखाली उघडून धरली.

"पाचवीच्या वहीत आजचा चंद्र हा हाय. एवढीशी कोर. रक्षानं फोटोत टाकला, तुम्ही सगळ्याइनं पोराइकून काढून घेतला, मॅडमनं बरोबर दिला. मंग तोच खरा. हा वरचा गोल कोण हाय, मले नाई माहीत. खरा निघू द्या, मंग जेवा."

"डोकं फिरलं काय वो तुहं, कांता?" वच्छलाबाई भडकल्या. "सकाळपासून पोटात कण नाई. समोर दिसून राह्यला न चांगला!"

"दिसून राह्यला न? मंग पोराइच्या वहीत काढतानी काऊन नाई दिसला?"

रक्षाचा चेहरा उतरला. "इतलं काय त्यात, ताई? मी तं सगळ्याइले मदत करतो."

"मदत? मंग उपासालेही कर की! मागच्या महिन्याचा चंद्र टाक ग्रुपवर. सगळ्या जणी घरी बसून मोबाइल पाहून जेवतीन. इथं उपाशी कायले उभ्या राह्यता? तुमच्या पोटाचा चंद्र खरा पाह्यजे, आन् पोराच्या अभ्यासाचा कसाही चालते?"

कोणीतरी मागून हसलं. माझा आवाज चौकभर गेला होता. घनश्याम दुकानाच्या दारातून हातानं "बस कर" म्हणत होता. मी बस करणार नव्हते.

तेवढ्यात स्वीटीनं माझ्या हातातून वही घेतली. तिनं वर पाहिलं. वहीत पाहिलं. पुन्हा वर पाहिलं. मग ती पायरीपाशी गेली आणि झाडे मॅडमसमोर उभी राहिली.

"मॅडम, मंग मी कोणता काढू? वहीतला का वरचा?"

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. ती खरंच विचारत होती. डोक्यावर एवढा थोरला चंद्र लटकलेला, आणि माझी पोरगी मॅडमच्या तोंडाकडे बघत होती. मॅडम "वहीतला" म्हणाल्या असत्या, तर तिनं मान डोलावली असती आणि ती जन्मभर वहीतलाच काढत राहिली असती. तेव्हा रक्षावरचा राग गेला, मॅडमवरचा गेला. मला नुसती भीती वाटली.

मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या आया त्यांच्याकडे बघत होत्या. "उद्या शाळेत सांगते," त्या म्हणाल्या.

"उद्या नाई," मी म्हणाले. "उद्या तो आखीन उशिरा निघते. तीन दिवस पाहून माझ्या पोरीनं शोधून काढलं ते, अन् तुम्ही त्याच्यावर फुली मारली. आता समोर हाय, आता सांगा."

कोणी मोदकाला हात लावला नाही. मॅडमनी तांब्या खाली ठेवला आणि मान वर केली. बराच वेळ त्या चंद्राकडे बघत राहिल्या. पाहायचं काय त्यात, असं दुपारी म्हणाल्या होत्या त्याच.

"वरचा," त्या हळूच म्हणाल्या.

स्वीटीनं एकदा मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं, आणि मग पुन्हा मॅडमकडे.

"जोरानं सांगा ना, मॅडम," ती म्हणाली. "स्वप्निलले ऐकू नाई आलं."