बंदर नाक्यावरची शीळ

गोपीनाथअण्णा मला कधीच आवडला नाही. सरळ सांगतो. माणूस नाका सुधार कमिटीचा मेंबर, आणि बोलायचा असं की नाक्यावरची घाण म्हणजे आम्हीच.

कल्याणचा बंदर नाका तेव्हा मरायला टेकलेला. खाडीत गलबतं यायची बंद झालेली, वखारींना कुलपं, माणसं स्टेशनकडे राहायला गेलेली. उरलो आम्ही पाच-सहा टांगेवाले, आणि मधोमध घोड्यांना पाणी प्यायचं दगडी टाकं. कमिटीनं ते टाकं फोडलं. तिथं डांबर, बाजूला गोल बाग, गुलाबाची रोपं. एसटी इथपर्यंत आली की गाव परत भरेल म्हणे.

"टांगे हटव," अण्णा माझ्या बाला म्हणाला. बा, म्हणजे धोंडीबा, टांगेवाल्यांत सगळ्यात म्हातारा.

"कुठं हटवू? स्टेशनवरचे टांगेवाले उभं करत्यात व्हय आमाला?"

"ते मला काय विचारतोस?"

मी मध्ये घुसलो. "अण्णा, बागेच्या उद्घाटनाला आमचे टांगे रांगेत फिरवून दाखवतो. कुठं अडले तर हाकला. नाय अडले तर इथला टांग्यांचा स्टँड आमचा."

अण्णा हसला. "सगळ्यांदेखत बोलतोयस हां, राघ्या. मग रडत येऊ नको."

उद्घाटनाला पहिला टांगा आमचा. लगाम बाच्या हातात, मी शेजारी. मागे बाकीचे, त्यांच्यामागे उद्घाटनाला आलेल्या साहेबांची मोटार. बागेभोवती अर्धा गोल झाला आणि गर्दीतून शीळ आली. बारीक, लांब.

घोडा पाणी पिताना आम्ही घालतो, तीच. शिंगरू असल्यापासून घोडा ती ऐकून पितो. आमचा सोन्या जागीच थांबला, मान खाली घातली आणि डांबर हुंगायला लागला. मागचे घोडेपण तसेच. मोटार भोंगा वाजवतेय.

बघतो तर अण्णाचा भाचा, उत्तम, ओठ पुसत हसतोय. साला याच नाक्यावर वाढलेला. त्याला सगळं ठाऊक.

"बा, हाण चाबूक!"

"गप."

"अरे, स्टँड जाईल!"

मी चाबूक उगारला. बानं तो हिसकावला आणि माझ्याच हातावर ओढला. खाली उतरला. गुलाबांना घालायच्या पाण्याची बादली उचलून सोन्याच्या तोंडाखाली धरली, आणि साहेबांकडे पाठ करून स्वतः शीळ घालायला लागला.

"धोंड्या, बाजूला घे!" अण्णा किंचाळला.

"पिऊ द्या. शीळ घातली की पाणी द्यायचं. जनावराला फशिवत न्हाय मी."

"मग स्टँड गेला समज."

"समजलो."

मी उडी मारून उत्तमला गाठला, त्याचा ओठ फोडला. तेवढंच मिळालं मला त्या दिवशी.

संध्याकाळी आम्हाला खाडीच्या चिखलाकडे हाकललं. बा सोन्याला खरारा करत होता.

"गेला ना स्टँड, घोड्यापायी?" मी सुजलेला हात चोळत म्हणालो. "आता खायचं काय?"

त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"अण्णाशी पैज मारायला तुला कुणी सांगितलेलं?"