दोन टक्क्यांचा आक्षेप

सुहासिनीबाईंच्या डोळ्यात तिसऱ्यांदा औषध पडलं आणि समोरचं जग पाण्यात साखर विरघळावी तसं विरघळत गेलं. भिंत गेली, भिंतीवरचं घड्याळ गेलं, पलीकडच्या बाकावरची माणसं नुसत्या रंगांचे ठिपके झाली. राहिले फक्त आवाज. आणि त्या आवाजांत एक आवाज त्यांना चाळीस वर्षं पाठ होता.

"दोन टक्के कसले?" दिगंबरराव विचारत होते.

बिलाच्या काउंटरवर चैताली नावाची मुलगी बसायची. बोलणं गोड, पण घाईचं. "काका, कार्डनं भरलंत तर दोन टक्के वर पडतात. बँक कापून घेते ना आमच्याकडून."

"बँक तुमच्याकडून कापते. मग माझ्याकडून कोण कापतंय?"

दिगंबररावांचा जन्म हिशेब खात्यात गेलेला. दुसऱ्यांच्या बिलांवर आक्षेप काढायचे, हीच नोकरी. निवृत्तीला दहा वर्षं झाली, तरी आक्षेप काही निवृत्त झाले नव्हते. कार्ड धाडलं होतं लेकीनं, स्पृहानं, अमेरिकेहून. "बाबा, आईच्या ऑपरेशनचं मी देणार, यातूनच भरा," असं फोनवर बजावलंही होतं. त्या कार्डाबरोबर आलेली बारीक अक्षरांची पुस्तिका दिगंबररावांनी भिंग लावून वाचून काढली होती. अगदी शेवटच्या पानापर्यंत.

"यात स्वच्छ लिहिलंय. दुकानदारानं गिऱ्हाइकाकडून वरचे पैसे घ्यायचे नाहीत."

"काका, हे दुकान नाहीये. हॉस्पिटल आहे."

"अस्सं? मग टक्के कशाला लावता?"

रांगेत कुणीतरी हसलं. एका तरुणाचा आवाज आला, "अंकल, चारशेच तर होतायत. मी देऊ का? मला पुढे मीटिंग आहे."

"मी आपल्याला विचारलं का?"

तरुण फोनवर कुणाला तरी उशीर होईल म्हणून सांगू लागला.

त्या हॉस्पिटलची रीत अशी, की काउंटरचा शिक्का बसल्याशिवाय पेशंटची फाइल वर ऑपरेशनच्या मजल्यावर जायची नाही. इकडे औषध घालून डोळा तयार, तिकडे फाइल खालीच. सुहासिनीबाईंचा डावा डोळा लहानपणीच्या आजारात गेलेला. सगळा संसार उजव्यानं बघितला आणि आता त्यातच मोतीबिंदू उतरला. एकाच डोळ्याचा पेशंट मोठे डॉक्टर दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत, आणि ते यायचे फक्त बुधवारी. लेकीकडे जायला विमानात बसायच्या आधी डोळ्याला तीन आठवडे तरी हवेत, असं त्यांनीच सांगितलेलं. आजचा बुधवार गेला, तर तीन आठवडे उरत नव्हते. स्पृहाला सासू नव्हती. बाळंतपणाला आई येणार, या एका भरवशावर ती परदेशात दिवस काढत होती.

बाकावर बसल्या बसल्या सुहासिनीबाईंच्या मनात त्यांच्या आईच्या ओवीची चाल फिरू लागली. जात्यासारखी, आपोआप.

लेक दूरच्या गं देशी, तिला आठवा लागला,
माझ्या डोळियाचा दिवा, कुणी वाटेत रोखला...

"आजी, पापणी मिटून बसा हं," शालू सिस्टर जवळून म्हणाल्या. "फाइल गेली का हो वर? सरांना दुपारी मुंबईला निघायचंय."

"जाईलच आता," सुहासिनीबाई म्हणाल्या. मग आवाजाच्या दिशेनं मान वळवून हळूच म्हणाल्या, "अहो, देऊन टाका ना."

"अगं, प्रश्न पैशांचा नाही."

झालं. हे वाक्य आलं की पुढचं सगळं थांबतं, हे त्यांना माहीत होतं. पैसे तर होतेच. दिगंबररावांच्या कोटाचा आतला खिसा त्यांनी स्वतः शिवला होता, आणि सकाळी त्यात नोटा ठेवताना नवऱ्याला पाहिलंही होतं. याच वाक्यापायी एकदा गॅसचा नंबर हुकला होता आणि त्यांनी दोन पावसाळे रॉकेलच्या स्टोव्हवर काढले. पण याच वाक्यापायी त्यांच्या घरात वावगा पैसाही कधी आला नव्हता. एकाचा राग करावा, तर दुसऱ्याचा अभिमान आड यायचा. उठून जावं, त्या खिशात हात घालावा आणि नोटा काढून द्याव्यात, असं फार वाटलं. पण पुढचं पाऊल कुठं पडेल ते दिसत नव्हतं. आणि दिसत असतं, तरी चारचौघांत नवऱ्याच्या खिशात हात घालायला त्या उठल्या असत्या का, कुणास ठाऊक.

"साहेबांना बोलवा," दिगंबरराव म्हणाले.

साहेब म्हणजे व्यवस्थापक दीनानाथ. ते दुसऱ्या इमारतीत होते. आले, पुस्तिका वाचली, बँकेत फोन लावला. फोनवर गाणं वाजत राहिलं. ते गाणं सुहासिनीबाईंनाही ऐकू येत होतं.

शेवटी दीनानाथ म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, काका. आम्ही घ्यायला नको. चैताली, नुसतं बिलाचंच मशीनमध्ये घाल."

मशीन करकरलं. शिक्का बसला. दिगंबरराव ताठ मानेनं बाकाशी आले. सुहासिनीबाईंना त्यांच्या जागी एक उंच करडी छाया दिसली. "बघ! लेकीचे चारशे वाचवले."

तेवढ्यात शालू सिस्टर जिन्यावरून खाली आल्या. त्यांच्या चपला जड पडत होत्या. "आजी, सर गेले हो. खूप थांबले, दोनदा विचारलं त्यांनी. पुढच्या बुधवारी ते परगावी आहेत. त्याच्या पुढचा देऊ?"

ती करडी छाया काउंटरकडे धावली.

"घ्या हो दोन टक्के. चार घ्या. त्यांना फोन लावा, गाडी फार लांब गेली नसेल."

"काका," चैताली म्हणाली. तिचा आवाज आता अजिबात घाईचा नव्हता. "मी काय घेऊ? पैसे परत देते मी, थांबा."

फाटकाबाहेर ऊन डोळ्यात सुयांसारखं टोचलं. दिगंबररावांनी त्यांचा दंड धरला होता. रिक्षा थांबली.

"शनिवार पेठ? मीटरवर तीस रुपये जादा पडतील."

सुहासिनीबाई थांबल्या. आता ते विचारतील, कसले तीस, कुठल्या नियमात बसतात. त्यांनी कान देऊन वाट पाहिली.

"चल," दिगंबरराव म्हणाले.

"अहो," नवऱ्याचा हात हलवत त्या म्हणाल्या, "विचारा ना त्याला. कसले तीस?"

"बस तू," ते म्हणाले, आणि सुहासिनीबाईंचं डोकं आपटू नये म्हणून टपाच्या कडेवर त्यांनी हात धरला.