उघडं दार, नंबर पाच हजार नऊशे

स्वेटर घेऊन ठेव, तिकडे थंडी फार, असं बाबा चहा ढवळता ढवळता म्हणाले.

कॉम्प्युटरवर माउसचा बाण. मी हात लावला नव्हता, तरी एकदा कोपऱ्यात सरकला. टेबल हललं असेल.

दादा फोनवर: "चिमे, दमतेस ना गं?" वर्षानुवर्षं न विचारलेला प्रश्न.

बाबांचं 'तिकडे' म्हणजे कुठे?

थंड गावातल्या नोकरीचा अर्ज मी घरच्या कॉम्प्युटरवर लिहिला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. पाठवलाही नव्हता, पाठवणारही नव्हते. बाबांना एकटं टाकून जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मी घरून मुद्रितं तपासते. छापखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन करून बाण आपोआप सरकल्याचं सांगितलं. तो म्हणाला, पोर्ट म्हणजे दारं समजा. बाहेरून कुठलं उघडं दिसतं ते एक साइट सांगते, नंबर टाकत जा.

बंद.
बंद.
बंद.
५९००. उघडं.

मी त्याला नंबर सांगितला. तो म्हणाला, यातून लांब बसून तुमचा स्क्रीन बघता येतो. हे आपोआप होत नाही, राउटरमध्ये जाऊन मुद्दाम उघडावं लागतं. त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे?

दादाकडे. मागच्या खेपेला आला तेव्हा त्यानेच सगळं बसवलं होतं.

दादाला फोन केला, तो आधी हसला. राईचा पर्वत करतेस, म्हणाला. मी ५९०० म्हटलं, तेव्हा त्याचा आवाज उतरला. "मला काय हौस होती? बाबाच म्हणाले, पोरगी एक दिवस निघून जाईल, मला आधी कळू दे."

बाबा शेजारच्या खोलीत मोजे घडी करत होते. माझेच.

"बाबा, मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर राहिली असतीस," ते म्हणाले. "आणि जन्मभर सुनावलं असतंस."

त्यांनी मोज्यांची जोडी नीट जुळवून माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही.

राउटरचा पासवर्ड दादाकडून घेतला, ५९०० बंद केलं, साइटवर पुन्हा तपासलं. बंद. मग अर्ज उघडला. त्यात एक चूक राहिली होती, ती दुरुस्त केली आणि पाठवून दिला.

मागच्या खेपेला दादा कपाटामागे वाकून राउटर बसवत होता, तेव्हा त्याला दिसावं म्हणून टॉर्च मी धरला होता.