बेकरीच्या पाटीवरचा भाव

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, माझ्यावर कुणी मुळाक्षरे गिरवली नाहीत. मी बेकरीच्या दारावरची, भाव सांगणारी पाटी. मोडक्या कपाटाच्या फळीतून सुताराने मला कापले, बेकरीवाल्याच्या वडिलांनी काळा रंग दिला आणि वर पांढऱ्या अक्षरांत ‘पाव’ एवढेच लिहिले. खाली भाव खडूने लिहायचा. त्या काळी तो वर्षातून एकदा बदलला तर बदलला. म्हातारबा आठवडाभर आधी एकेका गिऱ्हाइकाला सांगत आणि सांगताना स्वतःच ओशाळत. त्यांचा एक नियम होता. भाव पुसला जाताना जो पायरीवरच्या रांगेत उभा असेल, त्याला पाव जुन्याच भावाने मिळायचा. या नियमाचे आमच्या गल्लीत फार कौतुक होते, आणि थोडेसे माझेही.

म्हातारबा गेले, मुलगा दुकान पाहू लागला आणि मग ते दिवस आले. आमचा देश तांब्याच्या खाणींवर जगायचा. परदेशात तांब्याचा भाव कोसळला आणि सरकारची तिजोरी आटली. पगार तर द्यायचे होते, कर्जाचे हप्तेही होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण सरकारने पोहरा भरून दाखवला. त्याने नोटा छापल्या. पिठाच्या गोण्या होत्या तेवढ्याच राहिल्या आणि त्यांच्यामागे धावणाऱ्या नोटा शेकडोपट झाल्या. पीठवाला सकाळी एक भाव सांगे, दुपारी दुसरा, कारण त्यालाही उद्याची धास्ती होती. बेकरीवाल्याची बायको ओले फडके घेऊन दिवसातून तीनदा माझ्यापुढे उभी राहू लागली. शून्ये माझ्या अंगावर मावेनात. लोक येता-जाता मला शिव्या घालत. मी कुणाचे काय वाकडे केले होते?

पायरीच्या नियमाने बेकरीवाल्याच्या नाकी नऊ आले. जुन्या भावाने विकलेल्या पावाच्या पैशात उद्याचे पीठ येत नव्हते. नियम मोडा, असे बायको रोज सांगे. बाबांचा शब्द आहे, असे तो म्हणे. तिची शिलाई मशीन विकून त्याने तो शब्द काही दिवस पाळला.

रांगेत रोज पहिली असायची सिस्टर. ती दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. एकटी राहायची. अर्ध्या गल्लीचा जन्म तिच्या हातचा होता, बेकरीवाल्याचासुद्धा. तिचे पेन्शन ठरलेले होते. पूर्वी त्यात महिना निघे, आता महिन्याचे आठ पावही येत नव्हते. म्हणून ती उजाडताच पायरीवर येऊन उभी राहायची, म्हणजे निदान सकाळचा भाव हातचा जायचा नाही.

मग एक दिवस सरकारी निरीक्षक आला. सरकारने पावाचा भाव बांधून दिला होता. त्याने ऑइलपेंटने माझ्यावर आकडा रंगवला, चालू भावाच्या जेमतेम तिसरा हिस्सा, आणि जास्त घेतले तर दुकानाला सील ठोकू असे बजावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने माझ्यावरून हात फिरवला. खोटे कशाला बोलू, मी अगदी फुलून गेले. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, हे मला कळले नाही. पिठाचा भाव काही कुणी बांधला नव्हता. चार दिवसांत दुकानातल्या फळ्या रिकाम्या झाल्या.

बेकरीवालाही पोटाला बांधलेला. तो मागच्या दाराने पाव विकू लागला, ज्यांच्याकडे परदेशी नोटा होत्या त्यांना. पुढच्या बंद दारावर मी स्वस्त पावाचा भाव सांगत लटकत होते. मला स्वतःची किळस येई. सिस्टर मात्र रोज यायची. तिचे पाय सुजले होते तरी खाली बसायची नाही, बसले तर नंबर जाईल म्हणून. तिच्यामागे वीसेक माणसे असत.

शेवटी एका सकाळी बेकरीवाला दार किलकिले करून बाहेर आला.

“सिस्टर, घरी जा. पाव नाही.”

“वास येतोय मला,” ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली. मग अगदी हळू म्हणाला, “मागच्या दाराने या. पैसे नकोत.”

“फुकटचा नको रे. मी रांगेत आहे. पाटीवर लिहिलंय तेवढे पैसे घे आणि इथे, पायरीवर दे. तुझ्या बाबांचा नियम आहे.”

त्याने तिच्यामागची माणसे पाहिली. तिला एक दिला असता तर त्या सगळ्यांना द्यावा लागला असता, आणि उद्या भट्टी पेटली नसती. तो आत गेला. त्याने लावलेल्या कडीचा हादरा मला बसला. सिस्टर संध्याकाळपर्यंत उभी होती. पुढे आणखी दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी आली नाही.

महिन्याभराने सरकारने नोटा छापणे थांबवले, तीन शून्ये कापून नव्या नोटा आणल्या आणि बांधलेला भाव उठवला. त्याचीही झळ बसली. कितीतरी लोकांच्या नोकऱ्या गेल्या, पण पीठ बाजारात आले. बेकरीवाल्याने पत्र्याच्या तुकड्याने माझ्यावरचा ऑइलपेंट खरवडला. त्याबरोबर माझे लाकूडही निघाले. नवा भाव लिहून झाल्यावर त्याने पहिला पाव कागदात गुंडाळला आणि सिस्टरच्या खोलीकडे निघाला.

तो परत आला तेव्हा पाव त्याच्या हातातच होता. पायरीवर उभा राहून त्याने बायकोला सांगितले, “सिस्टर वारल्याला तीन आठवडे झाले. शेजारणीने हा रुमाल दिला. म्हणाली, सिस्टरचा तुला निरोप होता, ‘माझा नंबर राखून ठेव.’”

बायकोने गाठ सोडली. रुमालात जुन्या नोटा होत्या, माझ्यावर रंगवलेल्या भावाइतक्या, ना कमी ना जास्त. त्या आता कुठेच चालत नव्हत्या. बेकरीवाल्याने तो रुमाल माझ्यामागच्या खिळ्याला बांधला आणि तोंड झाकून पायरीवर बसला.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कुणी नोटा छापायला सांगतील, कुणी भाव ठरवतील, कुणी भीतीपोटी पिठाच्या गोण्या दडवतील. त्याआधी एकदा रांगेत पहिले कोण उभे आहे ते बघून या, एवढेच माझे मागणे आहे. खडूचा आकडा ओल्या फडक्याने जातो. ऑइलपेंटचा तो आकडा इतका खरवडूनही माझ्यावर अजून वाचता येतो, आणि सिस्टरला त्या भावाने एकही पाव मिळाला नाही.